नदीकाठचा न्यायाधीश

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलामागे भिंतीला लागून एक जुने लोखंडी कपाट आहे. कुणा सद्गृहस्थांनी भेट दिलेली इंग्रजी पुस्तके त्यात आहेत. ती सहसा कुणी नेत नाही. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी ते कपाट उघडले आणि ‘अ रिव्हर नेव्हर स्लीप्स’ असे नाव असलेले एक पुस्तक हाती लागले. नदी कधी झोपत नाही! नाव इतके सुंदर, की कवितासंग्रहच असणार अशा खात्रीने मी ते घरी नेले. रात्री उघडून पाहते तो काय, पुस्तक मासेमारीचे!

आता आमचे घर माळकऱ्यांचे. तीन पिढ्यांत कुणी मासळीला हात लावलेला नाही. आजी देहूला जाते तेव्हा इंद्रायणीच्या घाटावर बसून माशांना चुरमुरे घालते आणि ते खाताना पाहून तिचे डोळे भरून येतात. अशा घरात मासे पकडणाऱ्या माणसाचे पुस्तक वाचायचे म्हणजे मलाच अपराध्यासारखे वाटले. पण सोबतच्या परिचयात असे लिहिले होते, की या लेखकाने आपले आयुष्य नद्या आणि नद्यांतले मासे वाचवण्यात घालवले. मी बुचकळ्यात पडले. गळ टाकणारा माणूस माशांचा कैवारी कसा असू शकेल? या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. मिळेल ते वाचून काढले, आणि त्या शोधातून जे चरित्र हाती आले ते आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे.

रॉडरिक हेग-ब्राउन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९०८ रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात लॅन्सिंग या गावी झाला. घराणे शिक्षकांचे. आजोबा विल्यम हेग ब्राउन हे चार्टरहाउस या नामवंत शाळेचे तीस वर्षांहून अधिक काळ मुख्याध्यापक होते. वडील अॅलन लष्करात अधिकारी झाले आणि पहिल्या महायुद्धात १९१८ साली रणांगणावर पडले. रॉडरिक तेव्हा दहा वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन डॉर्सेटमध्ये आपल्या माहेरी आली. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना हा मुलूख अनोळखी नाही. टॉमस हार्डीच्या कादंबऱ्या ज्या शिवारांतून आणि कुरणांतून हिंडतात तोच हा प्रदेश, आणि त्यातून वाहणारी फ्रोम ही नदीही तीच. वडिलांवाचून वाढणाऱ्या या मुलाला या नदीने सांभाळले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. घरातली वडीलधारी मंडळी आणि वडिलांचे स्नेही यांच्याबरोबर तो काठावर जाऊ लागला. दबक्या पावलांनी कसे चालावे, आपली सावली पाण्यावर कशी पडू देऊ नये, आपल्याला लागेल त्याहून अधिक का घेऊ नये, हे धडे त्याला तिथे मिळाले.

शाळेचे धडे मात्र त्याला मानवले नाहीत. ज्या शाळेत आजोबांचे नाव आदराने घेतले जाई त्याच चार्टरहाउसमध्ये नातवाचे शिस्तीशी वाजले आणि शिक्षण पुरे होण्याआधीच त्याला शाळा सोडावी लागली. पुढे काय करावे हा प्रश्न घरच्यांना पडला. अखेर १९२६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका लाकूडतोडीच्या छावणीवर कामाला गेला आणि तिथून लवकरच उत्तरेला कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हँकुव्हर बेटावर पोचला. शंभरशंभर हात उंच देवदार, त्यांच्यामधून धावणाऱ्या थंड नद्या आणि त्या नद्यांत समुद्रातून चढून येणारे सामन मासे! निम्पकिश नदीच्या परिसरात त्याने लाकूडतोड केली, सापळे लावले, मासेमारी केली, शिकाऱ्यांना वाट दाखवली.

येथे एक गोष्ट मला मुद्दाम नमूद करावीशी वाटते. पुढे जंगल आणि नदी यांच्या बाजूने उभा राहिलेला हा माणूस प्रथम झाडे पाडणाऱ्यांत होता. कूगर या पहाडी सिंहाच्या जीवनावर त्याने १९३४ साली ‘पँथर’ ही कादंबरी लिहिली. तेव्हा सरकार कूगर मारणाऱ्याला बक्षीस देई, आणि असे बक्षीस मिळवणाऱ्या शिकाऱ्यांबरोबर हिंडूनच त्याने त्या प्राण्याची माहिती मिळवली होती. महात्मे जन्मतःच महात्मे असतात अशी आपली एक समजूत असते. हेग-ब्राउन तसे नव्हते. ते हळूहळू बदलत गेले, आणि जे करीत होते ते उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे बदलले.

मधली दोनएक वर्षे ते इंग्लंडला परतले होते. लंडनमध्ये त्यांनी पहिले पुस्तक लिहिले ते मुलांसाठी, एका सामन माशाची जीवनकथा असलेले ‘सिल्व्हर’. ते १९३१ साली प्रसिद्ध झाले. पण शहरात जीव रमेना. त्याच वर्षाच्या अखेरीस ते व्हँकुव्हर बेटावर परतले ते कायमचेच. १९३४ मध्ये सिअॅटल येथील अॅन एल्मोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अॅनबाई स्वतः व्यासंगी होत्या, पुढे ग्रंथपाल झाल्या. गावातल्या पीडित स्त्रियांच्या आसरागृहाला नंतर त्यांचेच नाव देण्यात आले. कॅम्पबेल रिव्हर नावाच्या गावात, त्याच नावाच्या नदीच्या काठी या दांपत्याने घर केले. तीन मुली आणि एक मुलगा, गाई-कोंबड्या, भाजीपाला, हजारो पुस्तके, आणि लिहिण्याच्या मेजासमोरच्या खिडकीतून दिसणारी नदी असा तो संसार होता.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे वळते. हेग-ब्राउन ज्या प्रकारे मासे पकडीत त्याला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणीक लावतात. या प्रकारात गळालाच पिसे, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून एखाद्या किड्याचे हुबेहूब रूप देतात. ही खोटी माशी वजनाला काहीच नसते. म्हणून दोरी जड ठेवतात, आणि लांब लवचीक काठीने ती दोरी हवेत मागेपुढे झुलवून माशी अलगद पाण्यावर उतरवतात. मासा फसायचा असेल तर त्या महिन्यात, त्या प्रहरी, त्या पाण्यावर खरोखर जो किडा उडत असेल तोच आपल्या दोरीला हवा. याचा अर्थ असा, की माणसाला आधी नदी वाचता आली पाहिजे. दगड उलटून त्याखालच्या अळ्या पाहायच्या, पाण्याचा थंडपणा हाताला जोखायचा, कोणत्या खडकाआड मासा विसावतो ते ओळखायचे. नदी आजारी पडली तर धरणाच्या कचेरीत किंवा कारखान्याच्या फाटकावर ते कळायला वर्षे जातात. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या या माणसाला ते त्याच मोसमात कळते, कारण दगडाखाली अळ्या सापडत नाहीत. जगातल्या कित्येक नद्यांसाठी पहिली तक्रार अशाच गळवाल्यांनी केली, याचे मला आता नवल वाटत नाही.

शिवाय हाती आलेला मासा परत पाण्यात सोडून देण्याची मुभा या प्रकारात असते. हेग-ब्राउन नेमका तोच भाग वाढवीत गेले. सोडलेल्या माशाला इजा होतच नाही असे मात्र नाही. माझ्या आजीच्या तराजूत हे पारडे वर जाणार नाही, हेही मी जाणून आहे.

या नद्यांचा राजा म्हणजे सामन. त्याची कथा आपल्या पुराणांत शोभावी अशी आहे. नदीच्या वरच्या अंगाला, स्वच्छ खड्यांच्या तळात मादी खळगा करून अंडी घालते. पिले काही काळ गोड्या पाण्यात काढून समुद्राला जातात. तिथे वर्षानुवर्षे वाढतात आणि एक दिवस परत फिरतात. शेकडो मैल पोहून, जन्मनदीच्या पाण्याचा वास ओळखून, तिच्यात शिरतात. प्रवाहाविरुद्ध चढताना ते अन्न घेत नाहीत. अंडी घालून झाली की प्रशांत महासागराकडचे सामन मरतात. त्यांच्या देहांवर अस्वले आणि गरुड जगतात आणि काठच्या झाडांनाही खत मिळते. या साऱ्या व्यवहाराला लागते काय? थंड, प्राणवायूने भरलेले पाणी, स्वच्छ खडे, आणि मोकळी वाट. धरणाने वाट अडते. वीज हवी तसे पाणी सोडले-रोखले, तर उथळ जागची अंडी उघडी पडतात. वरून वाहत येणारे खडे भिंतीमागे अडून राहतात. जंगल सरसकट तोडले, तर गाळ येऊन खड्यांमधल्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. नेमके हेच हेग-ब्राउन यांनी लोकांना समजेल अशा भाषेत सांगितले. १९४१ सालच्या ‘रिटर्न टू द रिव्हर’ या पुस्तकात कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या एका चिनूक सामन मादीचे चरित्र आहे. ती धरणांच्या युगातली नायिका आहे. १९४६ साली आले ते माझ्या हाती लागलेले पुस्तक, जानेवारी ते डिसेंबर अशा बारा महिन्यांत मांडलेले.

या काळात त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी येऊन पडली होती. १९४०च्या दशकाच्या आरंभी त्यांना गावचे दंडाधिकारी नेमण्यात आले. कायद्याची पदवी सोडाच, कोणतीच पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी घरी बसून कायदा वाचला आणि युद्धकाळातील लष्करी नोकरीची काही वर्षे वगळता तीस वर्षांच्या आसपास हे काम केले. समोर येत ते लाकूडतोडे, कोळी, दारूच्या नशेत भांडलेले मजूर, घर सोडून आलेली पोरे. हे स्वतः एकेकाळी तसेच पोर होते, तशाच छावणीत राहिले होते. कदाचित म्हणूनच शिक्षा सुनावताना समोरच्या माणसाचे पुढे काय होईल याचा विचार त्यांच्या मनात आधी येई. सकाळी न्यायालय, दुपारी लेखन, संध्याकाळी नदी असे दिवस चालले होते.

आणि मग बटल सरोवराचा प्रश्न उभा राहिला. व्हँकुव्हर बेटाच्या मधोमध, हिमाच्छादित डोंगरांच्या कुशीत हे लांबट सरोवर आहे. कॅम्पबेल नदीला पाणी पुरवणाऱ्या सरोवरांपैकी ते एक. ते ज्या स्ट्रॅथकोना उद्यानात आहे, ते १९११ साली राखून ठेवलेले ब्रिटिश कोलंबियाचे पहिले प्रांतिक उद्यान होय. म्हणजे ही भूमी अबाधित राहील असे सरकारने जनतेला दिलेले ते वचन होते. १९५०च्या दशकात त्याच सरकारच्या वीज आयोगाने धरण बांधून सरोवराची पातळी वाढवण्याचे ठरवले. गावाला वीज हवी होती, रोजगार हवा होता. नुकताच तिथे कागदाच्या लगद्याचा मोठा कारखाना आला होता. अशा वेळी विरोध करणे म्हणजे शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेणे होते. त्यातून हेग-ब्राउन सरकारनेच नेमलेले दंडाधिकारी! गप्प बसण्यास याहून सबळ कारण कुणाला हवे?

ते गप्प बसले नाहीत. त्यांनी लेख लिहिले, सभांतून भाषणे केली, सुनावण्यांना हजर राहिले. वीज नकोच असा त्यांचा हट्ट नव्हता. त्यांचे म्हणणे इतकेच होते, की कायमची राखून ठेवलेली जागा गरज पडताच मोडायची असेल तर राखून ठेवण्याला अर्थ काय? आणि नदीच्या हिशेबात मासे, जंगल, येणाऱ्या पिढ्यांचा आनंद यांची किंमत शून्य धरून केलेली बेरीज खरी कशी?

हेग-ब्राउन हा लढा हरले. १९५८ साली स्ट्रॅथकोना धरण पुरे झाले. काठचे जंगल तोडले गेले, सरोवराची पातळी चढली, जुने किनारे पाण्याखाली गेले. पुढे १९६०च्या दशकात त्याच उद्यानात धातूंची खाण सुरू झाली आणि तिचा गाळ सरोवरात सोडला जाऊ लागला. तो पाण्यात सोडणे १९८४ साली थांबले. ते पाहायला हेग-ब्राउन हयात नव्हते.

मी हे प्रकरण वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. मला वाटले, आता हा माणूस कडवट होईल, किंवा नदीकडे पाठ फिरवील. पण पुढे जे वाचले ते विलक्षण होते. पन्नाशी उलटल्यावर या माणसाने तोंडाला पाणबुड्याचा मुखवटा लावला, काठी किनाऱ्यावर ठेवली आणि तो कॅम्पबेल नदीच्या प्रवाहात उतरला! इतकी वर्षे वरून ओळखलेले मासे त्याने आता त्यांच्या घरी जाऊन पाहिले. ते प्रवाहात कसे स्थिरावतात, कोण कुणाच्या शेजारी राहतो, हे निरखले. १९६४ सालच्या ‘फिशरमन्स फॉल’मध्ये हे सारे अनुभव आहेत. गळ टाकणारा माणूस माशांचा कैवारी कसा, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या चित्रात सापडले. पकडण्याच्या ओढीने तो काठावर आला खरा, पण पुढे पाहण्याची ओढ त्या ओढीहून मोठी झाली.

एका सरोवराचा पराभव त्यांनी साऱ्या नद्यांचा पराभव मानला नाही. फ्रेझर ही त्या प्रांतातली सर्वांत मोठी सामन-नदी. १९१४ साली रेल्वेच्या बांधकामामुळे ‘हेल्स गेट’ या अरुंद घळीत दरड कोसळून तिची वाट अडली होती, आणि माशांच्या संख्येवर जो आघात झाला त्याच्या खुणा पुढे कैक वर्षे पुसल्या नाहीत. तिथे माशांना चढता यावे म्हणून १९४०च्या दशकात खास मार्ग बांधावे लागले. त्याच नदीवर मोरान येथे एक अतिप्रचंड धरण बांधण्याची योजना पुढे आली तेव्हा विरोध करणाऱ्यांत हेग-ब्राउन होते. ही योजना १९७०च्या दशकाच्या आरंभी बारगळली आणि फ्रेझरचा मुख्य प्रवाह आजही धरणावाचून समुद्रापर्यंत वाहतो. हे यश त्यांच्या एकट्याचे नव्हते. शास्त्रज्ञ, कोळी, नदीकाठचे आदिवासी समाज असे अनेक जण त्यामागे होते. पण तीस वर्षे लिहून त्यांनी लोकांच्या मनाची जी मशागत केली होती, ती येथे कामी आली असे मला वाटते. अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून नेमलेल्या सामन आयोगाचेही ते अखेरच्या वर्षांत सदस्य होते.

शाळा सोडावी लागलेल्या या मुलाला व्हिक्टोरिया विद्यापीठाने १९७०च्या दशकाच्या आरंभी आपले कुलपतिपद दिले. न्यायासनावरून ते निवृत्त झाले आणि आता मनसोक्त लिहायचे असा बेत करीत असतानाच, ९ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅम्पबेल रिव्हर येथेच त्यांचे देहावसान झाले. सामन समुद्रातून नदीत चढून येण्याचा तो मोसम.

त्यांच्या पश्चात अॅडम्स नदीकाठच्या एका प्रांतिक उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. दर चार वर्षांनी तिथे लाखो तांबडेलाल सॉकाय सामन येतात. २०१८ साली ते नाव बदलून त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या, सेक्वेपम्क लोकांच्या भाषेतले ‘चूच्वेक’ हे नाव उद्यानाला मिळाले. प्रथम मला वाईट वाटले. मग विचार केला, की ज्यांनी हजारो वर्षे त्या माशांशी नाते राखले त्यांचाच तो मान आहे. हेग-ब्राउन यांचे राहते घर वारसा म्हणून जपले गेले आहे, आणि घराशेजारच्या किंगफिशर नावाच्या ओढ्याची लोकांनी डागडुजी करून त्यात माशांना पुन्हा जागा करून दिली आहे. या माणसाला याहून उचित स्मारक कोणते?

आता शेवटचे, आणि ते आपले आहे. मागच्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही ज्या गावी गेलो होतो, तिथल्या डोहात एका सकाळी पांढऱ्या पोटांचे शेकडो मासे तरंगताना दिसले. रात्री कुणीतरी जिलेटिनच्या कांड्या फोडल्या होत्या. बोटाएवढी पिलेसुद्धा त्यात होती. मोठे मासे वेचून नेले होते, बाकीचे तसेच टाकून दिले होते. आम्ही हळहळलो आणि ठरल्याप्रमाणे रस्ता झाडायला गेलो. कुणीही काही विचारले नाही. मीही नाही. मासे न खाणारी मी, त्या सकाळी माशांच्या काहीच उपयोगी पडले नाही. हे मनाला लागून राहिले आहे, आणि खरे सांगायचे तर हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आजीला ही सारी कथा सांगितली. गळाची गोष्ट निघताच तिने तोंड फिरवले. सरोवर बुडाले तेव्हा मात्र हळहळली. शेवटी तिने एकच विचारले, की त्या नदीत मासे अजून येतात का? मी म्हटले, येतात. तिने हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारले नाही.

सुट्टी संपल्यावर आम्ही चौघीजणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या डोहावर जाऊ लागलो आहोत. पाण्याचा रंग, वास, काठचे पक्षी, दगडाखालच्या अळ्या, दिसलेले मासे असे सारे एका वहीत लिहितो. प्राणिशास्त्राच्या सरांनी वही तपासून देण्याचे कबूल केले आहे. पहिल्या पानावरची नोंद फार साधी आहे. पाणी घोट्याच्या वर, गढूळ, बगळे दोन, तीन दगड उलटले, एकाखाली अळ्या होत्या.